डोळ्यांची मोजणी आणि घड्याळाची मोजणी

मनुष्याचा आपल्या डोळ्यांवर जितका विश्वास असतो, तितका दुसऱ्या कशावरहि नसतो. "मीं स्वतः पाहिलें" असें कोणी म्हटलें म्हणजे वाद तेथेंच संपतो. परंतु एखादी गोष्ट पाहणें निराळें आणि ती किती वेळ पाहिली हें सांगणें निराळें. पहिल्या कामांत डोळे क्वचित् फसतात. दुसऱ्या कामांत ते वारंवार फसतात. याचें एक ठळक उदाहरण अमेरिकेंतील एका खेळाच्या निमित्तानें २०२३ सालापासून जगापुढें आलें. एका गायिकेचा व एका खेळाडूचा स्नेह, हा विषय वरवर पाहतां हलका आहे. परंतु त्यांतून घेण्यासारखा धडा हलका नाहीं, म्हणून तो येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून अगदीं निराळा आहे. त्यांतील चेंडू लांबट असून दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो पायापेक्षां हातांनींच अधिक नेला व फेकला जातो. प्रत्येक बाजूस ११ खेळाडू असतात. ज्यांच्याजवळ चेंडू असेल त्यांनीं चार प्रयत्नांत १० यार्ड पुढें सरकावयाचें; तें साधलें कीं पुन्हां चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न कांहीं सेकंदांत आटोपतो, आणि मग खेळाडू एकत्र जमून पुढची चाल ठरवितात. नियमाप्रमाणें सामना १५ मिनिटांच्या चार भागांचा, म्हणजे ६० मिनिटांचा असतो. परंतु दूरचित्रवाणीवर त्याचें प्रक्षेपण तीन तासांहून अधिक चालतें. २०१० सालीं 'वॉल स्ट्रीट जर्नल' या वृत्तपत्रानें घड्याळ लावून मोजलें, तेव्हां एका सामन्यांत चेंडू प्रत्यक्ष खेळांत असण्याचा काळ सुमारें ११ मिनिटेंच भरला. बाकीच्या वेळांत जाहिराती, झालेल्या खेळाचीं पुनर्दृश्यें, उभे राहिलेले खेळाडू, प्रशिक्षकांचे चेहरे आणि प्रेक्षकांची गर्दी दिसते. तात्पर्य, कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो तो बहुधा खेळ थांबलेला असतांनाच वळतो. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी.

या खेळाची मुख्य व्यावसायिक संस्था नॅशनल फुटबॉल लीग ही होय. तींत ३२ संघ आहेत. त्यांपैकीं कॅन्सस सिटी चीफ्स या संघांत ट्रॅव्हिस केल्सी हे नामांकित खेळाडू खेळत आले. प्रतिपक्षाला अडविणें व फेकलेला चेंडू झेलणें, अशीं दोन्ही कामें त्यांच्याकडे असत. दुसऱ्या बाजूस टेलर स्विफ्ट या गायिका. त्यांनीं मार्च २०२३ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत चाललेल्या एकाच दौऱ्यांत १४९ कार्यक्रम केले, यावरून त्यांच्या लोकप्रियतेची कल्पना येईल. २४ सप्टेंबर २०२३ रोजीं स्विफ्टबाई कॅन्सस सिटी येथील ॲरोहेड क्रीडांगणावर केल्सी यांच्या मातोश्रींशेजारीं बसून सामना पाहतांना दिसल्या. त्या दिवशीं चीफ्स संघानें शिकागोच्या संघाचा ४१–१० असा पराभव केला. पुढच्याच आठवड्यांत, १ ऑक्टोबर रोजीं, न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्यासहि त्या हजर होत्या. तो सामना सरासरी २ कोटी ७० लक्ष लोकांनीं पाहिला. त्यांत १२ ते १७ वर्षांच्या मुलींची संख्या त्याच वाहिनीवरील त्या हंगामांतील आधींच्या तीन आठवड्यांच्या सरासरीहून शेंकडा ५३ नें अधिक होती. ज्या घरांत वडील एकटेच सामना पाहत, तेथें मुलीहि येऊन बसूं लागल्या व नियम विचारूं लागल्या.

सर्वांनाच हें रुचलें असें नाहीं. जुन्या रसिकांपैकीं कित्येकांनीं तक्रार आरंभिली कीं, "आम्हीं खेळ पाहण्यास बसावें आणि यांनीं आम्हांस सारखी ती गायिकाच दाखवावी!" 'सारखी' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे; कारण त्यांत मोजमाप आहे. आणि मोजमापाचा दावा असेल तर तो मोजूनच पाहिला पाहिजे.

'न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्रानें तो मोजला. जानेवारी २०२४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबाप्रमाणें बहुतेक सामन्यांत, पुनर्दृश्यें धरूनहि, स्विफ्टबाई एकंदर २५ सेकंदांहून कमी वेळ दिसल्या होत्या. विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करावें. तीन तासांचे सेकंद १०,८००. त्यांत २५ सेकंद म्हणजे शेंकडा पाव हिस्साहि भरत नाहीं. पुढें ११ फेब्रुवारी २०२४ रोजीं लास व्हेगास येथें सुपर बोल नांवाचा वार्षिक अंतिम सामना झाला. तो १२ कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. त्या सबंध प्रक्षेपणांतहि त्यांचें दर्शन एका मिनिटाहून कमीच होतें.

मग हजारों प्रामाणिक माणसांस 'सारखी' असें कां वाटावें? तीं खोटें बोलत नव्हतीं. त्यांचे डोळे मात्र निराळ्या मापानें मोजीत होते. याचीं तीन कारणें दिसतात. पहिलें असें कीं, दिग्दर्शक हें दृश्य नेमकें उत्कंठेच्या क्षणीं दाखवीत असे. केल्सी यांनीं चेंडू झेलून गुण मिळविला कीं लागलीच टाळ्या वाजविणारी गायिका दिसे. आणि मन तापलेलें असतांना पाहिलेलें चित्र खोल उमटतें. दुसरें, सामना संपल्यावर तेंच पांच सेकंदांचें दृश्य बातम्यांत व घरोघरच्या भ्रमणध्वनींवर पुनः पुनः फिरे. त्यामुळें प्रक्षेपणाच्या खात्यावर दुसऱ्यांचींहि दर्शनें जमा होत. तिसरें व मुख्य कारण हें कीं, जो चिडला तो वाट पाहूं लागला. ती दिसली म्हणजे "पाहा, पुन्हां!" असें तो म्हणे, आणि मध्यें जो अर्धा तास ती दिसली नाहीं तो त्याच्या हिशेबांत येतच नसे. पायांत कांटा बोंचला असतां सबंध वाट कांट्यांचीच वाटते, त्यांतलाच हा प्रकार.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. तक्रार अगदींच निराधार नव्हती. त्या ऑक्टोबरांत लीगनें समाजमाध्यमांवरील आपल्या पानावर या प्रकरणाचा गाजावाजा चालविला होता. केल्सी यांनीं स्वतःच, आपल्या वडील बंधूंबरोबरच्या श्राव्य कार्यक्रमांत, हें थोडें अति होत आहे असें कबूल केलें. प्रक्षेपण हा व्यापार आहे. अधिक प्रेक्षक म्हणजे अधिक मोलाच्या जाहिराती, हें उघड आहे. परंतु कॅमेरा कोठें वळवावा हें ठरविणारा दिग्दर्शक असतो, आसनावर बसलेली व्यक्ति नव्हे. स्विफ्टबाईंनीं डिसेंबर २०२३ मध्यें एका मुलाखतींत सांगितलें कीं, आपण केव्हां दाखविल्या जातों हें आपणांस समजतहि नाहीं. असें असतां लोकांचा राग व्यापाऱ्यावर न पडतां बहुधा त्या बाईंवरच पडला.

आणि येथेंच गोष्ट गंभीर होते. चुकीच्या मोजणींतून चुकीचा दोषारोप जन्मास येतो. २५ डिसेंबर २०२३ रोजीं, स्विफ्टबाई हजर असतांना, चीफ्स संघ आपल्याच क्रीडांगणावर २०–१४ असा हरला. तेव्हां पुष्कळांनीं निकाल दिला कीं, हिच्यामुळें केल्सींचें चित्त उडालें आहे. पुढें २८ जानेवारी रोजीं बाल्टिमोर येथें, त्याच बाईंच्या देखत, केल्सींनीं ११ झेल घेऊन ११६ यार्ड मिळविले व संघ १७–१० असा जिंकला. आणि दोन आठवड्यांनीं अंतिम सामनाहि २५–२२ असा जिंकला. पराभवाचें कारण त्या असतील तर विजयाचें श्रेय कोणाचें? वस्तुतः दोहोंचा त्यांच्याशीं संबंध जोडण्यास आधार नव्हता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली कीं बिचाऱ्या कावळ्याचें वजन वाढतें!

हा दोष नवा नाहीं. १६ डिसेंबर २००७ रोजीं डॅलस काउबॉइज संघ फिलाडेल्फियाकडून १०–६ असा हरला. त्यांचे मुख्य खेळाडू टोनी रोमो यांच्या त्या वेळच्या मैत्रीण, गायिका जेसिका सिम्प्सन, तेथें प्रेक्षकांत होत्या. लागलीच त्या अपशकुनी ठरल्या. पुढें रोमो समालोचक झाले, आणि २०२४ च्या त्या अंतिम सामन्याचें समालोचनहि त्यांनींच केलें.

ही परदेशची गोष्ट म्हणून आपण हंसूं नये. २६ मार्च २०१५ रोजीं सिडनी येथें विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत भारत ऑस्ट्रेलियाकडून ९५ धावांनीं हरला. विराट कोहली एका धावेवर बाद झाले, आणि चित्रपट-अभिनेत्री अनुष्का शर्मा प्रेक्षकांत होत्या. तेवढ्यावरून आपल्याकडील असंख्य लोकांनीं त्यांची निंदा केली. प्रतिपक्षानें ३२८ धावा केल्या होत्या, हें कोणी ध्यानांत घेईना. पुढच्या वर्षीं कोहली यांस उघडपणें लिहून निंदकांस लाज आणावी लागली. 'पांढऱ्या पायाची' हा शब्द आपल्याच भाषेंत आहे, आणि कित्येक निरपराध सुनांचे संसार त्यानें कडू केले आहेत. अमेरिकेंतील रसिक आणि आपली आळी यांत या बाबतींत फारसें अंतर नाहीं.

न मोजतां बोलण्याची संवय वाढली म्हणजे ती कोठवर जाते तेंहि पाहावें. २०२४ च्या प्रारंभीं अशी आवई उठली कीं, सामने आधींच ठरलेले असून हा सारा निवडणुकीसाठीं रचलेला डाव आहे. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनीं ती कल्पना निरर्थक म्हणून झिडकारली. तरीहि त्याच फेब्रुवारींत मॉनमथ विद्यापीठानें केलेल्या पाहणींत शेंकडा १८ अमेरिकनांस, श्री. बायडन यांस अध्यक्षीय निवडणूक जिंकून देण्याच्या गुप्त सरकारी योजनेंत ही गायिका सामील आहे, असें वाटत होतें. पुढें ९ फेब्रुवारी २०२५ रोजीं न्यू ऑर्लिअन्स येथील अंतिम सामन्यांत त्यांचें चित्र क्रीडांगणाच्या मोठ्या पडद्यावर दिसतांच प्रेक्षकांनीं हुर्यो उडविली. प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखे तेथें पुष्कळ होते हें खरें. तथापि त्या बाईंनीं आसनावर बसण्यापलीकडे कांहींहि केलें नव्हतें.

याउलट मोजणीनें चिंता कशी सुटते याचेंहि एक गोड उदाहरण याच प्रकरणांत आहे. १० फेब्रुवारी २०२४ च्या रात्रीं स्विफ्टबाईंचा टोकियोंत कार्यक्रम होता, आणि दुसऱ्याच दिवशीं लास व्हेगासचा सामना. त्या वेळेवर पोंचतील काय, याची मोठी चर्चा चालली. तेव्हां वॉशिंग्टन येथील जपानच्या वकिलातीनें पत्रक काढून हिशेब मांडला: विमानप्रवास १२ तासांचा, दोन्ही शहरांच्या घड्याळांत अंतर १७ तासांचें, सबब त्या सहज पोंचतील. टोकियोंत रात्रीं १० वाजतां निघालेला मनुष्य लास व्हेगास येथें त्याच तारखेस सायंकाळीं ५ वाजतां उतरतो! भूगोलाच्या वर्गांत नीरस वाटणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा येथें कशी जिवंत होते, तें विद्यार्थ्यांनीं नकाशा घेऊन पाहावें. स्विफ्टबाई सामन्यास वेळेवर हजर होत्या.

आतां एक प्रयोग सुचवितों. घरीं दूरचित्रवाणीवर पुढचा क्रिकेटचा सामना लागेल तेव्हां वही व घड्याळ घेऊन एक तास बसावें. आरंभीं प्रत्येकानें आपला अंदाज लिहावा: खेळ किती मिनिटें, जाहिराती किती, प्रेक्षकांतील प्रसिद्ध मंडळी किती. मग तीन रकाने करून प्रत्यक्ष सेकंद मांडावे. पालकांनींहि आपला अंदाज लिहावा. वडिलांचा अंदाज चुकला तर मुलांनीं हंसूं नये, आणि मुलांचा चुकला तर वडिलांनीं रागावूं नये. अंदाज व हिशेब यांतील अंतर हाच या पाठाचा खरा ठेवा होय.

कारण ही संवय खेळापुरती नाहीं. "तो मुलगा नेहमींच उशीरा येतो," "ती सारखीच भांडते," "हे शेजारी रोजच गोंगाट करितात," अशीं वाक्यें आपण दिवसांतून किती वेळां उच्चारतों! 'नेहमीं', 'सारखें', 'रोज' हे शब्द म्हणजे एक प्रकारची साक्षच आहे. आपल्या शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपण ऐकतों, आणि ती न्यायालयांतील साक्षीदारांसाठीं आहे असें समजतों. परंतु न मोजतां उच्चारलेलें 'नेहमीं' हीहि शेजाऱ्याविरुद्ध दिलेली साक्षच, आणि पुष्कळदां ती खोटी ठरते.

असो. २६ ऑगस्ट २०२५ रोजीं स्विफ्टबाई व केल्सी यांनीं आपला विवाह ठरल्याचें जाहीर केलें. तो त्यांचा खाजगी आनंद आहे; आपण त्यांचें भलें चिंतावें आणि आपल्या कामास लागावें. आपल्यासाठीं त्यांच्या कथेंतील शिल्लक एवढीच कीं, डोळ्यांनीं पाहावें, पण दोष देण्यापूर्वीं घड्याळास विचारावें.