बार कुठून निघतो, ते आधी ऐक

भाचेबाई, उघड्या टपाची हेराल्ड घेतलीस, छान केलंस. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती 1961 पासून बनवली आणि हेराल्डच्याच सांगाड्यावरून ट्रायम्फने 1962 साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. म्हणून हे कानमंत्र दोन्ही बहिणींना चालतील. बिट्टन मार्केटात भर हाटाच्या गर्दीत बार निघाला की लोक वळून बघणारच. बघू देत.

१. बार पुढून की मागून, ते ठरव — कार्बोरेटरमधून फट् झालं तर पेट्रोल कमी पडतंय किंवा ठिणगी चुकतेय. सायलेन्सरमधून झालं तर न जळलेलं पेट्रोल तिकडे जाऊन पेटतंय. आवाजाचं घर सापडलं की अर्धी मजुरी वाचली.

२. कधी फुटते ते वहीत लिही: गार असताना, रेस दिल्यावर, की चार इमलीच्या उतारावर पाय सोडल्यावर — मिस्त्रीसमोर गाडी हटकून शहाण्यासारखी वागते.

३. एका वेळी एकच गोष्ट बदल — तीन बदलल्यास तर कशाने बरी झाली ते कधीच कळणार नाही.

४. ठिणगी आधी, कार्बोरेटर शेवटी — त्याचा स्क्रू वरच दिसतो म्हणून जो येतो तो पिळतो. पॉइंटची फट 0.015 इंच, प्लगची 0.025; फीलर गेजने मोज, अंदाजाने नको.

५. प्लगच्या वायरी काढण्याआधी प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नंबर घाल — क्रम एक-तीन-चार-दोन आहे, दोघींची अदलाबदल झाली की बारच बार.

६. जुना पण चालता कंडेन्सर फेकू नकोस, डिकीत ठेव — नवा कोरा कंडेन्सरही कधी कधी तापला की दगा देतो आणि गाडी मे महिन्यात ऐन हाटापुढे मिसिंग मारते.

७. चालत्या गाडीत चोक जरासा ओढून बघ — फुटणं थांबलं तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की. मग जेटमधला कचरा बघ, आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा शिरते का ते रबरी नळी कानाशी धरून ऐक. स्प्रे मारून शोधायची हौस नको — या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, तापल्या लोखंडावर भडका उडेल. आणि हो, ओढणी पंख्यापासून लांब.

८. पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून घे — पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला खातं. इथेनॉलला हवाही कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होतं. सातव्या मंत्राचं मूळ पुष्कळदा इथेच असतं.

९. उतारावर मागून फटफट करत असेल तर एक्झॉस्टचे सांधे आवळ, इंजिन गार असताना — फटीतून हवा शिरली की उरलंसुरलं पेट्रोल पाइपातच पेटतं.

१०. टॅपेट गार इंजिनवर 0.010 इंच ठेव, नऊच्या हिशेबाने: पहिला व्हॉल्व पुरता उघडा असेल तेव्हा आठवा मोज, तिसरा उघडा तेव्हा सहावा. 2000 साली देशभर शिसंवालं पेट्रोल बंद झालं, तेव्हापासून जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्वच्या बैठका झिजण्याची भीती असते — बैठक झिजली की फट मिटते, व्हॉल्व पुरता बंद होत नाही आणि जळतो. टकटक टॅपेट परवडला, मुका टॅपेट नाही.

११. एवढं करूनही एकाच तालात फुटत राहिली, तर कॉम्प्रेशन मोजून घे — एखादा सिलिंडर फार कमी निघाला तर हेड उघडावंच लागेल, आणि तोवर मैत्रिणींना घेऊन भोजपूरला जायचं ते बसने.