याजकाने तीनदा पाहिले, मग मोकळे केले

शास्त्रभाग : लेवीय १३.१-६, १ योहान ३.१९-२०

जी भीती आपल्या मंडळ्यांत कोणी उघड बोलून दाखवीत नाही, तिचा विचार ह्या पाठात करू.

गडहिंग्लज तालुक्यातील एखाद्या खेड्यातला मनुष्य डोळ्यांपुढे आणा. कामानिमित्त मुंबईस असता त्याचे पाऊल वाकडे पडले. पुढे भय वाटून त्याने उपजिल्हा रुग्णालयात एच.आय.व्ही.ची तपासणी करविली. निकाल निगेटिव्ह, म्हणजे लागण आढळली नाही, असा आला. तरी तो कोल्हापुरास गेला, बेळगावास गेला, निकाल तोच. खिशात कागद आहेत, मनात शांती नाही. किंचित ताप आला की तो दचकतो. मुलाला जवळ घेत नाही, आणि प्रभुभोजनाच्या वेळी प्याल्यापासून दूर राहतो. अशा मनुष्यास उपदेशकाने काय सांगावे?

शास्त्रभागात याजक संशयित चट्टा पाहतो. स्पष्ट कळले नाही तर सात दिवस थांबून पुन्हा पाहतो, आणखी सात दिवस थांबवितो, आणि मग निर्णय देतो. निर्णय मिळालेला मनुष्य वस्त्रे धुऊन आपल्या लोकांत परत जातो. एच.आय.व्ही. असलेला मनुष्य अशुद्ध आहे, असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. आपण येथून धडा घ्यावयाचा तो वाट पाहण्याचा व निर्णय मानण्याचा.

पहिली गोष्ट, वाट पाहणे. नेहमीच्या तपासणीत विषाणू दिसत नाही. त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे दिसतात. ती दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. ह्या मुदतीस विंडो पिरियड म्हणतात. म्हणून धोक्याच्या प्रसंगास ३ महिने पूर्ण होण्याआधी आलेला निगेटिव्ह निकाल मुदतीनंतर पुन्हा पडताळावा, आणि तोवर पत्नीच्या रक्षणार्थ निरोध वापरावा. प्रसंगास ७२ तास झाले नसतील तर त्वरित रुग्णालयात जावे. लागण टाळण्याचे औषध तेवढ्या वेळातच सुरू करावे लागते.

दुसरी गोष्ट, निर्णय मानणे. ३ महिन्यांनंतरचा निकाल निगेटिव्ह असेल आणि मध्यंतरी नवा धोका घडला नसेल, तर त्या निकालावर विसंबावे. पेरणीनंतर उगवणीची वाट पाहणे शहाणपणाचे. पण हंगाम उलटून गेल्यावर रिकाम्या रानात कोंब शोधीत बसणे व्यर्थ होय. ताप व अशक्तपणा ह्यांची कारणे शेकडो असतात. शिवाय स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, डासाने किंवा एका प्याल्यातून प्याल्याने ही लागण होतच नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागद रक्ताविषयी बोलतो. अपराधाविषयी तो मुका आहे. पुष्कळदा मनुष्याला रोगाचे नव्हे, तर आपल्या कृत्याचे भय वाटत असते, आणि क्षमेचा प्रश्न तो प्रयोगशाळेस विचारीत फिरतो. तेथे त्याचे उत्तर कसे मिळेल? योहान सांगतो की आपले अंतःकरण आपल्याला दोष देते तेव्हा देव त्याहून थोर आहे. त्याच्यापुढे पाप पदरी घ्यावे व जीवनक्रम सुधारावा. एवढे करूनही चिंता झोप उडवीत असेल, तर तोही एक आजारच. मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जाण्यात विश्वासाची उणीव नाही.

उपदेशकांनो, कोणाचाही कागद मागू नका. २०१७ च्या कायद्याने ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. सरकारी केंद्रात तपासणी व समुपदेशन विनामूल्य आहे. १०९७ ह्या क्रमांकावर सल्लाही मिळतो. लागण आढळली तरी मोफत औषधे नियमित घेऊन मनुष्य दीर्घकाळ जगू शकतो.

विचारासाठी प्रश्न :
१. याजकाने पहिल्याच पाहणीत निर्णय का दिला नाही?
२. निर्णय मिळाल्यावर मनुष्याने काय करावयाचे होते?
३. भ्यालेल्या बंधूस आपली मंडळी जवळ घेते की दूर सारते?