चित्रातील पांढरे ठिपके

अहोरात्र राबणाऱ्या हृदयालाही स्वतःसाठी रक्त लागते. ते पुरवणाऱ्या नळ्यांना हृद्रोहिणी म्हणतात. काही माणसांच्या हृद्रोहिणींच्या भिंतींत वर्षानुवर्षे मेदाचे थर साचतात आणि पुढे त्यांत कॅल्शियम जमून ते कठीण होतात. या काळात बहुधा काहीच दुखत नाही. माणूस हिंडतो, फिरतो, काम करतो. आणि एके दिवशी अचानक त्याला हृदयविकाराचा झटका येतो. शत्रू घरात शिरल्याची वर्दी घरधन्याला मिळतच नाही!

ही वर्दी आधी कशी मिळावी? १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाची हाडे चित्रात दिसू लागली. पुढे १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूची, काप काढून पाहावे तशी चित्रे घेतली. हेच सी. टी. स्कॅन होय. या चित्रांत कॅल्शियम हाडांप्रमाणेच पांढरे दिसते.

आज फुप्फुसांच्या तपासणीसाठी छातीचा स्कॅन सर्रास काढतात. दोन फुप्फुसांच्या मध्ये हृदय असल्यामुळे तेही चित्रात आपोआप येते. परंतु डॉक्टरांचे लक्ष फुप्फुसांकडे असते. शिवाय धडधडणाऱ्या हृदयाचे चित्र काहीसे अस्पष्ट येते. त्यामुळे हृद्रोहिणींतील पांढरे ठिपके पुष्कळदा दुर्लक्षित राहतात.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यास येते. जाणत्या डॉक्टरांनी खुणा केलेली असंख्य चित्रे दाखवली, म्हणजे संगणक असे ठिपके ओळखण्यास शिकतो. तो थकत नाही, कंटाळत नाही. जुनी चित्रेही तो तपासू शकतो. त्यासाठी रुग्णाला पुन्हा यंत्राखाली जावे लागत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १७३ रुग्णांवर केलेला असा एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. संगणकाने जुन्या चित्रांत शोधलेले ठिपके डॉक्टरांनी पडताळून पाहिले. मग ८६ रुग्णांना व त्यांच्या डॉक्टरांना तसे कळवले. ८७ जणांचे उपचार नेहमीप्रमाणेच चालू ठेवले. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४४ जणांना कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध लिहून दिले गेले. दुसऱ्या गटात ही संख्या अवघी ६ होती!

तथापि यंत्रही चुकू शकते, आणि कॅल्शियम न जमलेले मऊ थर या ठिपक्यांवरून कळत नाहीत. म्हणून अखेरचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा लागतो. यंत्राने वर्दी दिली, तरी ती रुग्णापर्यंत पोहोचवणे आणि वेळीच सावध होणे हे माणसाचेच काम आहे.

स्वाध्याय

१. हृद्रोहिणींतील ठिपके डॉक्टरांच्या नजरेतून का सुटतात?
२. स्टॅनफर्डच्या प्रयोगावरून काय दिसून आले?
३. ‘वर्दी देणे’ हा वाक्प्रचार आपल्या वाक्यात योजा.