रसा, रसाई, रसू

प्रश्न : माझी मुलगी लाटव्हियात, रीगा इथे डॉक्टरकी शिकते. तिच्या मैत्रिणीचं नाव रसा. पण वाढदिवसाच्या केकवर 'रसाई' लिहिलेलं होतं आणि मेसेजमध्ये कुठेतरी 'रसू' दिसलं. ही लाडाची नावं का? आणि हा आपलाच 'रस' का?
– एक वाचक, कामोठे

उत्तर : लाडाची नावं नव्हेत, विभक्तीची रूपं आहेत. लाटव्हियनमध्ये 'रसाई' म्हणजे रसाला, तेव्हा केकवर ते हवंच. 'रसू' हे कर्माचं रूप. 'रसाबरोबर' म्हणायलाही तेच चालतं. शेजारच्या लिथुएनियातही हे नाव मुलींना ठेवतात. तिथेही 'रसाई' म्हणजे रसाला, पण रसाचं म्हणायचं तर 'रसोस'.

आपण शब्दाचं सामान्यरूप करतो, पण माणसाच्या नावाला हल्ली हात लावत नाही. 'पूजेला बसा', पण 'पूजाला बोलवा'. 'गीतेत सांगितलंय', पण 'गीताला सांगितलंय'. सीतेला, राधेला ही जुनी रूपं पुराणातल्या नावांपुरती टिकली. लाटव्हियन माणूस अशी सूट परक्यालाही देत नाही. त्यांच्या वर्तमानपत्रात जॉर्ज बुश 'जॉर्ज्स बुश्स' होतात. तुमच्या मुलीचं नाव 'आ'कारान्त असेल, तर तिचीही 'पूजाई', 'पूजू' अशी रूपं होत असणार.

आता 'रस'. लाटव्हियन आणि लिथुएनियन दोन्ही भाषांत रसा म्हणजे दव. रशियनमध्ये दवाला म्हणतात तेही ऐकायला 'रसा'च, लॅटिनमध्ये 'रोस'. आपला 'रस' यांचाच भाऊबंद. मात्र लिथुएनियन संस्कृतातून निघाली, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते खरं नाही. या सगळ्या भाषा एकाच इंडो-युरोपीय पूर्वजाच्या; शब्द कुणी कुणाकडून उचललेला नाही, प्रत्येकीला तो वारशाने मिळाला. खरी गंमत ऋग्वेदात आहे. तिथे स्त्रीलिंगी 'रसा' हे नदीचं नाव आहे. दहाव्या मंडलाच्या १०८ व्या सूक्तात पणी नावाच्या शत्रूंनी लपवलेल्या गाई शोधायला इंद्राची दूती सरमा हीच रसा ओलांडून जाते. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात हीच नदी 'रंहा' होते.

लिथुएनियात जूनमधल्या सर्वांत लहान रात्रीच्या सणाचं एक नाव 'रसोस' आहे. 'रसाचं' या अर्थाच्या रूपासारखंच दिसलं, तरी इथे ते रसाचं अनेकवचन. त्या पहाटेच्या दवात औषधी गुण असतात, अशी तिथली जुनी समजूत. म्हणून लोक त्या दवाने तोंड धुतात.