सात दिवस, चार शहरे

मंडळी, प्रवास लहान असो की मोठा, तो आधी कागदावर करावा. मग पायाने करावा. हे मला कसे पटले, ते सांगतो.

आफ्रिका खंडाच्या वायव्य टोकाला मोरोक्को नावाचा देश आहे. माझा मुलगा कामानिमित्त तिथे कासाब्लांका शहरी होता. त्याने आम्हां दोघांना बोलावले. सोमवारी पोचायचे आणि पुढच्या सोमवारी सकाळी परतीचे विमान धरायचे. हाती दिवस सात. मुलाने पत्रात पाच शहरे लिहिली : कासाब्लांका, राबात, फेस, माराकेश आणि टँजिअर.

मी म्हणालो, "पाचही पाहू."

बायको म्हणाली, "अहो, काशीची आठवण आहे ना? दिवसाला दहा देवळं केली. माझा गुडघा सुजला. आता एकही देऊळ नीट आठवत नाही."

खरे होते. मी कागद घेऊन आगगाडीचे तास मांडले. कासाब्लांका ते माराकेश सुमारे ३ तास. माराकेश ते फेस ७. फेस ते राबात ३. राबात ते कासाब्लांका १. बेरीज १४. टँजिअरला २०१८ सालापासून वेगवान गाडी जाते. तरी जाऊन-येऊन साडेचार तास आणि एक दिवस मोडतो. टँजिअरवर काट मारली.

मला वाईट वाटले. इब्न बतूता हा मोठा प्रवासी १३०४ साली टँजिअरला जन्मला. तो आपल्या दौलताबादेसही येऊन गेला होता.

बायको म्हणाली, "त्यानं हिंडायला किती वर्षं घेतली?"

"तीसेक."

"आपल्याला सात दिवस आहेत."

मग मी बेत लिहिला : सोमवारी कासाब्लांका, मंगळवार-बुधवार माराकेश, गुरुवारी दिवसभर गाडी, शुक्रवारी फेस, शनिवारी राबात, रविवारी परत.

बायको तुमच्यासारखीच मोठेपणी वाचायला शिकली. तिने मुलाचे पत्र बोट ठेवून पुन्हा वाचले. म्हणाली, "इथं लिहिलंय, शुक्रवारी नमाजाचा दिवस. फेसच्या जुन्या बाजारात दुपारनंतर पुष्कळ दुकानं बंद असतात. तुम्ही नेमका तोच दिवस धरलात!"

पस्तीस वर्षे शिकवले, पण ती ओळ माझ्या नजरेतून निसटली होती.

"बेत उलटा करा," ती म्हणाली. "शुक्रवारी गाडीत बसू. गुडघ्यालाही विसावा मिळेल."

नवा बेत असा झाला :

सोमवार : कासाब्लांका. समुद्रकाठची हसन दुसरा मशीद, मनोरा २१० मीटर उंच.
मंगळवार : राबात, देशाची राजधानी.
बुधवार, गुरुवार : फेस. जुन्या शहरात मोटार जात नाही, माल गाढवांवरून व खेचरांवरून नेतात. ८५९ साली सुरू झालेले करवीयीन विद्यापीठ इथेच.
शुक्रवार : गाडी.
शनिवार : माराकेश. संध्याकाळी मोठ्या चौकात गाणारे, गोष्टी सांगणारे आणि खाण्याच्या गाड्या.
रविवार : कासाब्लांकास परत.

शेवटची रात्र विमानाच्या गावीच काढली. त्यामुळे गाडीला उशीर झाला, तरी विमान चुकण्याची भीती नव्हती.

बायकोचा गुडघा सुजला नाही. चारही शहरे तिला आजही आठवतात.

सांगा पाहू :
१. टँजिअर का वगळले?
२. बेत उलटा का केला?
३. पंढरपूर, तुळजापूर आणि कोल्हापूर पाहायला चार दिवस आहेत. तुमच्या गावापासून बेत लिहा. प्रवासाचे तास मांडायला विसरू नका.