चारकोपच्या अंगणात घरच्या बियांचे टोमॅटो

टोमॅटोचे रोप घरी बियांपासून करणे अवघड नाही. बी कोणते घ्यावे व केव्हा पेरावे, येथेच बहुतेकांची गफलत होते. जागतिक बँकेच्या साह्याच्या योजनेतून १९८५ च्या सुमारास वसू लागलेल्या चारकोपच्या वसाहतीत बैठ्या घरापुढील अंगण बेताचे, पश्चिमेस खाडी, आणि माती पुष्कळ ठिकाणी भरावाची. सबब जमिनीचा नाद सोडून १५ लिटरचा तेलाचा डबा, बुडाशी भोके पाडून, वापरावा असे आम्ही सुचवितो. त्यात दोन भाग चांगली माती व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत घालावे.

पुष्कळ मंडळी बाजारचे लालबुंद फळ चिरून त्यातलेच बी पेरतात. ते उगवते, फळतेही; परंतु बाजारचा माल हल्ली बहुधा संकरित वाणाचा असतो व त्याची संतती मूळ झाडासारखी निघत नाही. एकास गोल फळ, दुसऱ्यास चपटे, तिसऱ्यात रोग सोसण्याची शक्तीच नाही. म्हणून प्रथम सरळ वाणाचे बी विकत घ्यावे. दिल्लीच्या संस्थेचा 'पुसा रुबी' प्रसिद्ध खरा. तथापि किनाऱ्याच्या दमट हवेत मर रोगाचे भय असल्याने बंगळूरच्या भारतीय बागवानी संस्थेचा 'अर्का आभा' आम्हांस अधिक पसंत आहे, कारण तो ह्या रोगास दाद देत नाही.

पुढील वर्षापासून बी घरचेच धरावे. टोमॅटोचे फूल बहुतकरून स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे सरळ वाण घरी बिघडत नाही. निरोगी झाडाचे पूर्ण पिकलेले फळ काचेच्या भांड्यात पिळून, थोडे पाणी घालून दोन दिवस ठेवावे. आंबल्याने बियांवरील बुळबुळीत आवरण सुटते व भरीव बी तळाशी बसते. ते धुऊन ताटात सावलीत वाळवावे. कागदावर पसरल्यास चिकटून बसते. पुडीवर वाणाचे नाव व तारीख अवश्य लिहावी. आमची हयात दप्तरात गेली, तेव्हा बिननोंदीच्या वस्तूवर आमचा विश्वास नाही!

पेरणी भर पावसात करू नये. रोपे बुडाशी सडून कोलमडतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात उथळ कुंडीत अर्धे बोट खोल बी टाकावे. आठवड्याभरात कोंब दिसतात. चार आठवड्यांनी सायंकाळी, खालच्या पानांपर्यंत खोड मातीत जाईल असे, डब्यास एकच रोप लावावे. पुरलेल्या खोडासही मुळ्या फुटतात. अशाने फुलोरा थंडीत येतो. मार्चनंतर रात्री उष्ण होतात व फुले न फळता गळतात. पाणी नियमित द्यावे. एक दिवस कोरडे व एक दिवस तुडुंब, असे झाल्यास फळाचे बूड काळे पडते.

राहिली मर. फळांनी लदलेले हिरवे झाड पाणी असूनही एकाएकी मान टाकते. अशा वेळी खोडाचा तुकडा कापून पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. कापलेल्या तोंडातून दुधासारखी धार उतरली, तर तो जिवाणूंचा मर रोग होय. त्यावर औषध शोधीत बसू नये. झाड मुळासकट काढून टाकावे, डबा उकळत्या पाण्याने धुवावा, आणि ती माती टोमॅटो, वांगी किंवा मिरचीस पुन्हा वापरू नये. तीत मेथी पेरावी.