घराचा ठेका देतांना

कृष्णाकांठच्या गांवांत घर बांधणें म्हणजे बहुधा साऱ्या आयुष्याची शिल्लक खर्ची घालणें होय. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांहून वर चढलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट धरितात. पूर ओसरल्यावर कितीएक मातीच्या भिंती बसल्या. २०२१ च्या जुलैंत पुन्हां पूर आला. अशा समयीं सर्वांस एकदमच घरें बांधावयाचीं असतात, चांगले गवंडी थोडे असतात, आणि जो प्रथम ‘बांधून देतों’ म्हणेल त्याच्या हातीं पैसे ठेवण्याची घाई होते. म्हणून हा विचार निवांतपणीं करून ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

ठेका दोन प्रकारचा असतो. मजुरीच्या ठेक्यांत माल आपला, व गवंडी चौरस फुटावर मजुरी घेतो. मालासह ठेक्यांत सर्व ठेकेदाराचें. दुसऱ्यांत धांवपळ वांचते खरी, परंतु सिमेंट व सळई कमी घालण्यांत ठेकेदाराचा लाभ असतो. ज्याचें शेत घराजवळ आहे व ज्यास रोज कामावर उभें राहतां येतें, त्यानें मजुरीचाच ठेका द्यावा. कोणताही दिला तरी चौरस फूट कसा मोजावयाचा हें आधीं ठरवावें. भिंतीच्या आंतून कीं बाहेरून? छज्जा व जिना धरावयाचा कीं नाहीं? निम्मीं भांडणें येथेंच उपजतात.

ठेकेदार निवडतांना त्याचें नवें काम पाहूं नये. दोन-तीन पावसाळे काढलेलें घर पाहावें, आणि त्या घरच्या बाईला कोठें गळतें तें विचारावें. यजमान भिडेस पडतो, ती पडत नाहीं.

आतां मुख्य गोष्ट. उचल म्हणजे काय हें आपल्या ऊसपट्ट्यांत कोणास सांगावें लागत नाहीं. एका घराची उचल घेऊन दुसऱ्याचें राहिलेलें काम उरकावयाचें, ही कित्येक ठेकेदारांची रीत आहे. मग चार घरें जोत्यावर उभीं राहतात आणि पावसाळा दारीं येतो. पैसा नेहमीं कामाच्या मागून चालावा. आरंभीं फक्त पहिल्या आठवड्याची मजुरी द्यावी. पुढें जोतें झाल्यावर, छज्जापर्यंत भिंती आल्यावर, स्लॅब पडल्यावर व गिलावा झाल्यावर ठरलेला हप्ता द्यावा. आणि दहावा हिस्सा एक पावसाळा जाईपर्यंत हातीं ठेवावा. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेंत सपाट प्रदेशांतील घरास १ लाख २० हजार रुपये ठरविले, तेही काम पाहून हप्त्यांनीं. त्या योजनेंत सरकारनें ठेकेदार नेमावयाचा नाहीं, असाही नियम आहे. सरकार एकदम पैसे देत नाहीं, तर शेतकऱ्यानें कां द्यावे?

हें सर्व कागदावर असावें, ठेकेदार मेहुणा असला तरी. किंबहुना मेहुणा असला तर अवश्यच. १८७२ च्या करार कायद्यानें तोंडी करारही करारच आहे, परंतु तो सिद्ध कशानें करणार? मोजमाप, दर, मालाची जात, हप्ते, मुदत व दोघां साक्षीदारांच्या सह्या एवढें पुरे. लिहितां येत नसेल त्यानें गांवांतील शिक्षक किंवा उपदेशक यांजकडून लिहवून घ्यावें, आणि वाचून दाखविल्याविना अंगठा देऊं नये.

जें झांकलें जाणार तें झांकण्यापूर्वीं पाहावें. काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर पाया ठेविल्यास भिंत चिरते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावें. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हां मातींत रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या. यास्तव जोत्याशीं व छज्जाच्या पातळीस सळईचा अखंड पट्टा सर्व भिंतींवरून फिरवून घ्यावा, आणि कोपऱ्यांत सळ्या वळविल्या आहेत कीं नाहींत हें स्वतः पाहावें. स्लॅबास सामान्यतः एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी घालितात. ५० किलोचें पोतें सुमारें ३५ लिटर भरतें. त्या मापाची पेटी करून ठेविली म्हणजे घमेल्यांचा हिशोब चुकत नाहीं. माल लवकर पसरावा म्हणून मजूर पाणी जास्त ओततात, त्यांस आवरावें. तेणेंकरून स्लॅब कच्चा राहतो. पुढें स्लॅबवर आळीं करून निदान दहा दिवस पाणी भरावें. हें काम ठेकेदाराचे मजूर क्वचितच मनापासून करितात. घरच्या माणसांनीं तें आपल्याकडे घेतलेलें बरें, व कागदांत तसें लिहावें.

इतकें करूनही फसवणूक झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत घरबांधणी ही सेवा धरिली आहे. सातारा व सांगली या दोन्ही ठिकाणीं जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी, आणि तिजबरोबर तो करारकागद, पैशांच्या पावत्या व अर्धवट कामाचीं छायाचित्रें जोडावीं.